'बिझी' लावावं की एकट्याची गिल्ड काढावी?

ऑनलाइन गेममध्ये राक्षसाचा जीव टिचभर उरलाय, मी धडाधड क्लिक करतोय आणि नेमकी पडद्याच्या मधोमध खिडकी उघडते: अमुक गिल्डमध्ये (म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या गटात) सामील व्हायचं का? माझं पुढचं क्लिक 'हो'वर पडलं. राक्षस वाचला, मी मेलो आणि चॅटमध्ये वीसेक अनोळखी माणसं 'वेलकम, वेलकम' करत होती. बाहेर पडलो तर तीही ओळ सगळ्यांना दिसली. त्यानंतर असली आमंत्रणं टाळायचे दोन्ही उपाय, नावावर 'बिझी' लावणं आणि एकट्याची गिल्ड काढणं, काही महिने वापरून पाहिले.

एकेक आमंत्रण गोड बोलून नाकारणं मी उपायात धरतच नाही. भरती करणाऱ्याने बहुतेकदा आपल्याकडे पाहिलेलंही नसतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टसारख्या गेममध्ये 'हू' कमांड देऊन हजर खेळाडूंची यादी काढायची आणि ज्यांच्या नावापुढे गिल्ड नाही त्यांना ओळीने आमंत्रणं धाडायची. हे करून देणारे अ‍ॅडऑन, म्हणजे गेमला जोडायचे छोटे प्रोग्रॅमही आहेत. त्याला 'नको, धन्यवाद' लिहिणं म्हणजे पत्रकं वाटणाऱ्याला कारण समजावत बसणं.

'बिझी' मात्र खरंच सोपं. फायनल फँटसी १४ मध्ये एक कमांड दिली की पार्टीची, म्हणजे तात्पुरत्या टोळीची, आमंत्रणं परस्पर अडतात. पण खासगी मेसेजही अडतात, आणि माझं बिनसलं ते इथेच. सुक्याबरोबर ओलंही जळतं. मी खेळायचो त्या गेममध्येही हाच प्रकार होता. माझ्याकडून नेहमी खनिज घेणारा एक जण दोन संध्याकाळी मेसेज करत राहिला, मला पत्ताच नाही. तिसऱ्या दिवशी बाजारात भेटला तेव्हा तुटक बोलला. म्हटलं, अरे, बिझी होतो. त्यावर तो: "भाऊ, दोन दिवस तळ्याकाठी मासे धरत बसलेलास. मी शेजारून गेलो की!" गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. तुम्हाला मेसेज करणारं कुणी नसेलच, तर ही अडचण तुमची नाही. 'बिझी' लावा आणि निवांत खेळा.

एकट्याची गिल्ड काढायला सुरुवातीला खटपट आहे. वॉरक्राफ्ट २००४ मध्ये आला तेव्हा गिल्ड स्थापनेच्या सनदेवर आणखी ९ जणांच्या सह्या लागायच्या. फायनल फँटसीत फ्री कंपनीसाठी (तिथल्या गिल्डचं नाव) ३ सह्या आणि १५,००० गिल, म्हणजे गेममधले पैसे. एकटं राहायला लोकांच्या दारात सह्या मागत फिरायचं, हा विनोद मला अजून पुरतो. सह्या झाल्या की मंडळी आपापल्या वाटेने जातात आणि आपल्या नावापुढे गिल्डचं नाव लागतं. भरतीवाल्यांच्या चाळणीतून आपण तिथेच गळतो. मेसेज मात्र येत राहतात. शिवाय वॉरक्राफ्टमध्ये २००७ पासून गिल्ड बँक आहे. एकट्याला ते आयतं कोठार.

सगळीकडे हे चालेल असं नाही म्हणा. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये एका खात्याला ५ गिल्ड चालतात, तिथे एकीने दार बंद होत नाही. शिवाय एकट्याच्या गिल्डने पार्टीची आमंत्रणं थांबत नाहीत. मोठ्या लढाईआधी मी अजून पाच-दहा मिनिटं 'बिझी' लावतो, आणि काढायला विसरतो ते वेगळंच. वॉरक्राफ्टच्या सेटिंगमध्ये गिल्डची आमंत्रणं बंद करायची सोय आहे. तुमच्या गेममध्ये तसलं काही असेल तर आधी तेच बघा, सह्यांची पायपीट वाचेल. माझ्या गेममध्ये नव्हतं. मला विचाराल तर एक संध्याकाळ सह्यांत घालवलेली परवडली.

माझ्या गिल्डचं नाव 'आम्ही'. सदस्य एक. परवा एकाचा मेसेज आला: "भरती चालू आहे का?"

लिहिलं, "जागा भरल्या."