चाळीत आलेली मिठाची पाहणी: भाग घेतलेल्या बाईचा अभिप्राय

आमच्या लालबागच्या चाळीत एका विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने मिठाची पाहणी केली. माणूस दिवसाला किती मीठ खातो आणि त्याचा रक्तदाब किती, एवढाच विषय. मी घरून डबे देते, त्यामुळे मीठ रोज हातातलं. शिवाय बीपीची गोळी नाही असं घर आमच्या मजल्यावर शोधावं लागेल. ही मंडळी आता आजूबाजूच्या चाळींत जाणार आहेत, तिथल्या बायकांसाठी हे लिहिते. भाग जरूर घ्या, पण काही गोष्टी आधी विचारून घ्या.

सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे चोवीस तासांची लघवी जमवणं. "काकू, मीठ किती खाता?" असं विचारून खरा आकडा मिळत नाही, कारण तो कुणालाच माहीत नसतो. मिठातून पोटात गेलेल्या सोडियमपैकी सुमारे ९० टक्के लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून दिवसभराची सगळी लघवी मोजणं हीच त्यातल्या त्यात खात्रीची रीत. सकाळची पहिली सोडून द्यायची, वेळ लिहून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळची पहिली धरून सगळी कॅनमध्ये. मधली एखादी राहिली की हिशेब कमी भरतो. जमवणं अर्धवट झालं असेल तर लघवीतल्या क्रिएटिनिन नावाच्या घटकावरून त्याचा अंदाज येतो, हेही पाहणीच्या मुलींनी समजावून सांगितलं.

ब्लॉकमध्ये राहणाऱ्याला हे जमून जाईल. आमच्याकडे संडास पॅसेजच्या टोकाला, सामाईक. सगळ्या बिऱ्हाडांच्या देखत बाईमाणसाने कॅन घेऊन जायचं कसं? मला या पथकाचं कौतुक वाटलं ते इथे. काम सुरू करण्याआधीच मुली जिन्यात बसून बायकांशी बोलल्या होत्या. झाकणाचा रुंद तोंडाचा मग दिला, कॅनला कापडी पिशवी दिली. कॅनवर नाव नाही, फक्त नंबर. दिवसही आपणच ठरवायचा. मी रविवार घेतला, डबे बंद असतात म्हणून. कॅन न्यायला माणूस आला तो पहाटे, पाण्यासाठी दारं उघडायच्या आत. शेजारच्या आजींनी साफ नाही म्हटलं, तर त्यांना कुणी पुन्हा विचारलं नाही. रक्तदाब मात्र त्यांचाही मोजून दिला.

आणि तो मोजायची पद्धत बघा. पाच मिनिटं गप्प बसवलं. पाठ टेकलेली, पाय जमिनीला, दंड हृदयाच्या उंचीवर, बाही वर. माझ्या जाड दंडाला मोठा पट्टा काढला, कारण लहान पट्ट्यावर आकडा उगाच चढा येतो. तीनदा मोजून शेवटच्या दोनांची सरासरी घेतली. नाहीतर दवाखान्यात जिना चढून धापा टाकत बसावं, तोच बाहीवरून पट्टा गुंडाळतात आणि वरचा आकडा १४०च्या पुढे गेला की गोळी लिहून देतात. असं मोजून घ्यायलाच पाहिजे, हा हट्ट मी आता सगळीकडे धरते.

आता तक्रारी. संमतीपत्र मराठीत होतं, पण ती मराठी सरकारी जीआरची. मधूनच बाहेर पडता येतं, त्यासाठी कारण द्यावं लागत नाही, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिसऱ्या पानावर एका लांबलचक वाक्यात दडलेली. ती वाचून दाखवा म्हणून सांगा. संमतीपत्राची प्रत मागून घ्या आणि एथिक्स कमिटीचा, म्हणजे भाग घेणाऱ्यांवर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीचा, फोन नंबर त्यावर आहे ना ते बघा.

त्याहून मोठी तक्रार रिपोर्टची. तो उशिरा आला आणि त्यावर नुसतं लिहिलेलं: सोडियम १५४ मिलिमोल. यातून माझ्यासारखीने काय समजायचं? मी फोन केला. मग पाहणीच्या मॅडम स्वतः आल्या आणि पॅसेजमध्ये बायकांना बसवून हिशेब शिकवला. साधारण १७ मिलिमोल म्हणजे एक ग्रॅम मीठ, म्हणजे माझं दिवसाचं ९ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, त्यातच लोणचं, पापड, फरसाण, सुका बांगडा सगळं आलं. हा हिशेब रिपोर्टवरच छापायला हवा होता. आमच्या घरातून नेलेला आकडा आम्हाला कळेल असा परत आला पाहिजे, याबाबतीत मी अजिबात ऐकून घेणार नाही.

असल्या साध्या कामातून काय निघतं, असं विचारणाऱ्यांना मी परळचंच उदाहरण देते. टाटा हॉस्पिटलने १९९८पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये बायकांची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी केली, ती सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून, म्हणजे आपल्या व्हिनेगरमध्ये असतं तेच. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविका होत्या. तपासणी केलेला आणि तुलनेसाठी न केलेला, असे दोन्ही गट मिळून दीड लाख बायका. तपासणी झालेल्या गटात त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. दार उघडणाऱ्या बायका होत्या म्हणून हे सिद्ध झालं.

कमी सोडियमच्या मिठाबद्दलही मॅडमना विचारलं. चीनमधल्या ६०० गावांत पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ वापरून पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले, २०२१ साली ते प्रसिद्ध झालं. पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असलेल्यांना ते घातक ठरू शकतं. माझ्या डब्यांमध्ये अशी माणसं आहेत, तेव्हा साधंच मीठ ठेवलंय, मात्र मुठीने न टाकता मापाच्या चमच्याने. आमटीचं कमी केलं ते हळूहळू, कुणाची तक्रार आली नाही.

प्रश्नावलीत मात्र डबेवालीसाठी जागाच नव्हती. एका घरात एक स्वयंपाक, असंच धरलेलं. माझ्या पातेल्यातलं मीठ तर कितीतरी घरांत जातं. पुढच्या फेरीत डब्यातल्या आमटीचा नमुना न्या, असं मी मॅडमना सांगितलंय आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलंय.