आइस्क्रीम क्रीपर म्हणून रताळं विकलं! नागपूरकरांनो, सावध राहा

मे महिन्यात आमच्या मानेवाड्याच्या गल्लीत रोपांची हातगाडी आली. गुलाबी फुलांनी लगडलेला आइस्क्रीम क्रीपर, म्हणजे अँटिगोनॉन, साडेतीनशे रुपयांना. आमच्या गॅलरीत दुपारनंतरचं ऊन असं येतं की दुसरं काही तगत नाही, म्हणून घेतला. गल्लीत बऱ्याच जणांनी घेतला. समोरच्या आजींनी तर पेन्शनच्या पैशांतून दोन घेतले, याची मला सगळ्यात जास्त चीड आहे.

गाडीवाला म्हणाला, "ताई, नवतप्यात वरून वाळेल, टेन्शन नका घेऊ. खाली कंद आहे, पाऊस पडला की फुटेल." पिशवी दाबून दाखवली. आत टणक गाठ लागत होती.

वेलाबद्दल तो बोलला ते खरंच आहे, आणि त्याच्याच आड ही फसवणूक चालते. मूळचा मेक्सिकोचा हा वेल जमिनीखालच्या कंदात अन्न साठवतो, वरचा भाग वाळला तरी पुन्हा फुटतो. त्यामुळे थोड्याच दिवसांत फांदी वाळली तरी कुणी तक्रार केली नाही. सगळे पावसाची वाट बघत राहिले, तोवर गाडीवाल्याचा मोबाईल बंद.

जूनमध्ये कोंब आले. पानं हृदयाच्या आकाराची, अँटिगोनॉनची असतात तशीच. सासूबाई गावाहून आल्या, त्यांनी एक देठ मोडला तर पांढरा चीक. "अगं, हा तर रताळ्याचा वेल!" कुंडी उपसली. खाली बाजारातलं रताळं, बाजूला वाळलेल्या फांदीचं तिरकं कापलेलं टोक. फांदीला एकही मूळ नव्हतं.

घेताना खोड हलकेच ओढून बघा. मुळं धरलेलं रोप सहज उपटून येत नाही. पिशवीच्या भोकांतून मुळं दिसतात का तेही पाहा. बियांपासून केलेल्या लहान रोपाला लगेच मुठीएवढा कंद धरत नाही, तो हळूहळू पोसतो. अँटिगोनॉनचं पान सुरकुतलेलं, कडा लहरी असते आणि फुलांच्या तुऱ्याच्या टोकाला आधाराला विळखा घालणारे बारीक ताणे असतात. रताळ्याला ताणे नसतात.

खरं तर या वेलासाठी पैसे मोजायचीही गरज नाही. नागपुरात कितीतरी कंपाउंडवर तो पसरलेला दिसतो. मालकांना विचारून खाली पडलेल्या तीनधारी तपकिरी बिया आणा आणि पावसाच्या तोंडावर पेरा. आणि यंदा हातगाडीवरून घेतला असेल, तर पावसाची वाट न बघता आजच पिशवी फाडून बघा.