विंडोज ९५-९८ पुन्हा बसवायचं असेल तर: फ्लॉपी, सीडी की हार्ड डिस्कवरचं कॅब फोल्डर?

फोंड्याच्या छापखान्यातला जुन्या देवनागरी फाँटवर चालणारा संगणक असो, डिचोलीकडचा वजनकाटा असो, की वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतलं एखादं यंत्र, ज्याचं सॉफ्टवेअर विंडोज ९५ किंवा ९८ सोडून कशावरच चालत नाही. अशा मशिनची हार्ड डिस्क आज ना उद्या जाणारच. त्या दिवशी हाताशी काय असावं, हे आत्ताच ठरवलेलं बरं.

आमचं मत आधीच सांगतो. सेटअपच्या फाइली (यांतल्या बहुतेक ‘कॅब’, म्हणजे दाबून ठेवलेल्या फाइलींचे गठ्ठे) मशिनच्याच हार्ड डिस्कवर ठेवा, सीडीची इमेज, म्हणजे एका फाइलीत घेतलेली हुबेहूब प्रत, दुसऱ्या संगणकावर जपा आणि फ्लॉपी फक्त बूट करण्यापुरती, म्हणजे मशिन सुरू करण्यापुरती वापरा. पूर्ण फ्लॉपी संचाचा विचार करायचा तो सीडी ड्राइव्हच नसलेल्या जुन्या ४८६ प्रोसेसरच्या संगणकासाठी किंवा लॅपटॉपसाठी, आणि तिथेही त्यातून सुटका करून घेता येते.

फरक कळायला डिस्कवर काय असतं ते बघू. डॉस ६.२२ आणि विंडोज ३.१ मध्ये बहुतेक फाइली एकेकट्या दाबून ठेवलेल्या असतात. नावाचं शेवटचं अक्षर काढून तिथे खालची रेघ घातलेली असते, आणि एक्स्पांड आज्ञेने ती फाइल उघडते. एक फाइल खराब झाली तर एकच गेली. ती दुसऱ्याच्या संचातून आणता येते. विंडोज ९५ पासून मात्र कॅब फाइली आल्या. एका कॅबमध्ये पुष्कळ फाइली असतात आणि क्रमांकाच्या कॅब एकमेकींना साखळीने जोडलेल्या असतात. एखादी डीएलएल (प्रोग्रॅमना लागणारी विंडोजची फाइल) एका कॅबच्या शेवटी सुरू होऊन पुढच्या कॅबमध्ये संपते. म्हणून मधलीच एक कॅब कॉपी करून भागत नाही. सगळ्या एकाच फोल्डरमध्ये हव्यात, आणि एक्स्ट्रॅक्ट आज्ञा देताना साखळीभर शोधणारा ‘ए’ स्विच लावायला हवा.

आता फ्लॉपी. विंडोज ९५ च्या संचात १३ फ्लॉपी येतात. पहिली साधी १.४४ एमबीची, बाकीच्या डीएमएफ नावाच्या, जास्त माहिती मावणाऱ्या पद्धतीच्या. साध्या फ्लॉपीवर प्रत्येक ट्रॅकमध्ये १८ सेक्टर असतात, डीएमएफमध्ये २१. त्यामुळे १४,७४,५६० बाइटऐवजी १७,२०,३२० बाइट मावतात. गोची इथेच होते. डिस्ककॉपीने हिची प्रत निघत नाही. आतली कॅब सुमारे १.७ एमबीची असल्याने साध्या फ्लॉपीवर मावत नाही. बाजारात मिळणारे बहुतेक यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह हा फॉरमॅट वाचतच नाहीत. जुना ३४ पिनांच्या केबलचा ड्राइव्ह लागतो, आणि इमेज काढायला विनइमेजसारखं साधन. मशिनच्या मेमरीत बूट सेक्टरचा (डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या भागात बसणारा) व्हायरस असेल तर तो साधी फ्लॉपी समजून डीएमएफवर लिहितो आणि फ्लॉपी वाचेनाशी होते. म्हणून आधी राइट-प्रोटेक्ट केलेल्या स्वच्छ डॉस फ्लॉपीवरून बूट करा.

त्यात गोव्याचा पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बंद कपाटात ठेवलेल्या फ्लॉपीला बुरशी धरते. ड्राइव्हमध्ये घालण्याआधी पत्र्याची झडप सरकवा, मागची धातूची चकती बोटाने फिरवा आणि पृष्ठभाग उजेडात बघा. पांढरट डाग किंवा गोल ओरखडा दिसला तर ती घालू नका. बुरशी ड्राइव्हच्या हेडला (फ्लॉपी वाचणाऱ्या भागाला) चिकटते आणि तोच हेड पुढची चांगली फ्लॉपी खरवडतो. घातलीच असेल तर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाळवूनच पुढे जा.

छापखान्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची: ९५ च्या फ्लॉपी संचात कॅरॅक्टर मॅप आणि क्विक व्ह्यू नसतात, ते सीडीवर असतात. जुन्या मराठी फाँटमधलं कीबोर्डवर न सापडणारं जोडाक्षर उचलायला कॅरॅक्टर मॅपच लागतो.

सीडीचं काम सोपं. मात्र ९५ च्या सीडीवरून मशिन बूट होईल असं धरून चालू नका, बूट फ्लॉपी हवी. ९८ ची स्टार्टअप फ्लॉपी बहुतेक आयडीई (मदरबोर्डला रुंद पट्टीच्या केबलने जोडलेले) सीडी ड्राइव्ह ओळखते. पण ती २ एमबीचा रॅम ड्राइव्ह (मेमरीतच तयार केलेला तात्पुरता ड्राइव्ह) तयार करते, त्यामुळे सीडीचं अक्षर एकाने पुढे सरकतं. डी वर सीडी दिसत नाही म्हणून ड्राइव्ह बदलायला धावू नका, ई बघा.

पण थेट सीडीवरून बसवण्यापेक्षा ९८ चं विन९८ फोल्डर सी ड्राइव्हवर कॉपी करून तिथूनच सेटअप चालवावं. दीडशे एमबी जागा मोकळी ठेवा. पुढे प्रिंटर किंवा नेटवर्क कार्ड जोडताना विंडोज आधी त्याच फोल्डरात बघतं, सीडी मागत बसत नाही. दमट हवेत कुरकुरणाऱ्या सीडी ड्राइव्हवर अवलंबून राहावं लागत नाही, हा मोठा फायदा. फ्लॉपी संचाचंही असंच करा. डिस्ककॉपी चालत नसली तरी साधी कॉपी चालते. सगळ्या फ्लॉपींच्या फाइली एका फोल्डरमध्ये आणल्या की संच एकदाच वाचावा लागतो. ड्राइव्हच मेला असेल तर हार्ड डिस्क काढून आयडीई ते यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला लावा आणि तिथून फोल्डर भरा. मूळ विंडोज ९५ साठी पार्टिशन २ जीबीच्या आत हवं, कारण त्याला फॅट३२ ही मोठ्या पार्टिशनची फाइल-रचना समजत नाही.

कॉपी झाल्यावर नव्या संगणकावर ७-झिप या दाबलेल्या फाइली उघडणाऱ्या प्रोग्रॅमची टेस्ट प्रत्येक कॅबवर चालवा. सेटअप मधेच कॅब खराब असल्याचं सांगू लागलं तर पुन्हा एकदा चालवून बघा. दर वेळी त्याच फाइलवर अडकलं तर कॅबच गेली आहे. दर वेळी वेगळ्या फाइलवर अडकलं तर डिस्कला दोष देऊ नका, रॅम किंवा डेटा केबल बदला. हार्डवेअर शोधताना मशिन गोठलं तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट न करता वीज बंद करून पुन्हा चालू करा आणि सेफ रिकव्हरी निवडा. ज्या उपकरणावर मशिन अडलं ते सेटअप पुढच्या खेपेला वगळतं.

आणि प्रॉडक्ट की. विंडोज ९८ ची की २५ अक्षरांची असते आणि ती बहुधा पुस्तिकेच्या कव्हरवर चिकटवलेली असते. दमट कपाटात तो कागद सुटतो, शाई पुसट होते. की एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून कॅब फोल्डरातच ठेवा, आणि दुसरी प्रत इमेजबरोबर.