खिडकीतून दुर्बीण: आठ महिन्यांचा अनुभव

८ बाय ४२ ची (म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिमीची) साधी दुर्बीण आहे, आठ महिने वापरतेय, आणि त्यातले पहिले साडेतीन महिने मी खोलीबाहेर पाऊलही टाकलेलं नाही. ट्रीटमेंटमुळे प्रतिकारशक्ती एकदम खाली गेली होती, डॉक्टरांनी भेटीगाठी बंद केल्या, मग काय, मी आणि समोरची खिडकी. पहिल्या आठवड्यानंतर कुणाचा फोनही घ्यावासा वाटेना. ताईने दुर्बीण पाठवली तेव्हा खरं सांगायचं तर चार दिवस बॉक्ससुद्धा उघडला नाही.

आधी वस्तूबद्दल. आजारपणात घेणार असाल तर १० पटीची नको, अशक्तपणात हात थरथरतो आणि जेवढं मोठं दिसतं तेवढं ते हलतंही. ८ पटीत आजूबाजूचं जास्त दिसतं, उडालेला पक्षी परत सापडतो. चष्मा असेल तर आय रिलीफ (डोळा भिंगापासून जेवढा लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) १५ मिमीच्या वर बघा आणि डोळ्यांकडचे रबरी कप आत फिरवून ठेवा, मला हे तीन आठवडे कळलंच नव्हतं, कडेला काळं काळं दिसायचं आणि मी वैतागून ठेवून द्यायचे. काच बंद असेल तर काचेसमोर सरळ बसून बघायचं, तिरकं बघितलं की धूसर येतं. वजन पाऊण किलोच्या आसपास, मान भरून येते, म्हणून कोपर उशीवर टेकवायचे.

आता खरं सांगायचं ते. समोरच्या वायरवर शिंजीर या चिमुकल्या पक्ष्याच्या मादीने घरटं लावलं. एकटीच बांधत होती, नर नुसता आसपास गात फिरायचा. कोळ्याचं जाळं चोचीत धरून आणायची, वाळकं गवत त्यात गुंफायची, मग आत शिरून अंगानेच दाबून जागा करायची, घरटं सगळं हलायचं. दारावर छोटंसं छप्परही केलं तिने. अंडी उबवायला बसली की फक्त चोच बाहेर, आणि ती चोच फोकसमध्ये आणताना डोक्यात दुसरं काही राहायचंच नाही, रिपोर्टसुद्धा नाही. दिवसभर स्वतःच्याच शरीराकडे लक्ष लागलेल्या माणसाला याची किंमत विचारा! सकाळी डोळे उघडले की पहिला विचार ‘ती आहे ना’ हा यायला लागला, आधी तो ‘आज काय दुखतंय’ असा असायचा.

२०२२ मध्ये किंग्ज कॉलेज लंडनच्या संशोधकांनी १,२९२ लोकांच्या अ‍ॅपवरच्या नोंदी तपासल्या होत्या, त्यात पक्षी दिसले-ऐकले की बरं वाटतं आणि ते आठ तासांपर्यंत टिकू शकतं असं निघालं, डिप्रेशन असलेल्यांमध्येही. माझं सकाळचं बघणं दुपारपर्यंत पुरायचं. रात्री तशाच अवघड जायच्या, आणि औषधं नि समुपदेशन अजून चालू आहे, ते सोडून फक्त दुर्बीण घ्या असं मी कुणालाच सांगणार नाही.

उठवत नसेल त्या दिवशी आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन अ‍ॅप लावून डोळे मिटून ऐकायचे, दयाळ, शिंपी, तांबट असे आवाज एकेक करून ओळखीचे झाले. मध्ये रोज नवीन पक्षी दिसलाच पाहिजे असं डोक्यात बसलं होतं, नाही दिसला की दिवस खराब, म्हणून मोजणं बंदच केलं आणि परत शांत वाटायला लागलं.

एक तक्रार आहे. जवळचा फोकस किती हे घेताना बघाच, दोन मीटरच्या आत चालेल अशी घ्या. माझी अडीच मीटरच्या आत काम करत नाही, आणि पिल्लं उडाली त्या सकाळी त्यातलं एक थेट माझ्या खिडकीच्या गजावर येऊन बसलं, ते मी नुसत्या डोळ्यांनी बघितलं.