बारा बोर पंप बंदूक, नऊ महिन्यांनंतर: ‘खट्’ वाजलं, पण बार झाला नाही

ही बंदूक जून २०२४ मध्ये घेतली, हे लिहितोय ते मार्च २०२५ मध्ये. काटोलकडे आमचा संत्र्याचा बगीचा आहे आणि त्याला लागून हरभरा-तुरीचं वावर. राहणं नागपुरात असलं तरी तूर शेंगांवर आली की जागलीला जावंच लागतं. परवाना पीकसंरक्षणाचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे, त्यामुळे नासधूस करणाऱ्या रानडुकरांपुरती वनविभागाची लेखी परवानगी काढलेली आहे. तो कागद खिशात असल्याशिवाय मी बंदूक खोळीतून काढत नाही.

याआधी हात बसला होता तो मामाच्या जुन्या दुनळीवर. पंप बंदुकीत एकामागून एक काडतूस मिळतं, पण ते चढवायचं आपल्याच हातानं. पुढची मूठ मागे ओढली की उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडते, पुढे ढकलली की नवीन काडतूस नळीत बसतं. पहिल्या महिन्यात मी ही मूठ अर्धवट ओढायचो. मग पुंगळी तोंडाशीच अडकायची, नाहीतर नवीन काडतूस वर यायचंच नाही. ती चूक माझी होती. घरी डमी काडतुसांवर रोज सराव केला, मूठ मागे पार टेकेपर्यंत ओढायची सवय लावली आणि तो त्रास संपला.

खरी अडचण डिसेंबरात आली. सकाळी नुकतंच फटफटलं होतं, धुऱ्यावर दव होतं. चार डुकरं तुरीतून नाल्याकडे उतरत होती, मागे मातीचा उंच बांध, माणसाची चाहूल नाही. मी घोडा दाबला. नुसतं ‘खट्’. बार नाही, धक्का नाही. हात सवयीनं मूठ मागे ओढायला निघाला तेवढ्यात मामानं मनगट धरलं.

“ओढू नको बाप्पा. नळी मातीकडंच राहू दे. साठ मोज.”

साठ मोजायला सांगण्यामागचं कारण समजून घ्या, कारण पंप बंदुकीत ते दुनळीपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. काडतूस चढवलेलं असताना मूठ पुढे कुलूपबंद असते. घोडा दाबला की ते कुलूप सुटतं, कारण पुढचं काडतूस चढवायचं असतं. बार झाला की नाही हे त्या कुलपाला कळत नाही. कधी कधी काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी पेटते पण दारू उशिरा धरते. तेवढ्यात मूठ ओढली तर काडतूस उघड्यावर फुटतं, आणि समोर आपला चेहरा आणि हात असतात. दुनळी दुमडून उघडायला वेगळी कळ दाबावी लागते, तेवढा तरी विचाराला वेळ मिळतो. इथे हात आधी चालतो.

साठ मोजलं, बोट घोड्यापासून दूर, चेहरा बाजूला, मग मूठ हळू ओढली. काडतूस बाहेर आलं. डुकरं केव्हाच नाल्यापार गेली होती. मामानं ते काडतूस आणि आदल्या आठवड्याची एक रिकामी पुंगळी शेजारी धरली. पुंगळीच्या टोपीवर खोल, गोल खळगा होता, नख फिरवलं की अडायचं. न उडालेल्या काडतुसाच्या टोपीवर जेमतेम पुसटसा ठिपका. म्हणजे काडतूस खराब नव्हतं, टोपीवर आपटणाऱ्या सुईनं, म्हणजे फायरिंग पिननं, त्याला नीट मारलंच नव्हतं.

याचं मूळ ऑक्टोबरात होतं. विधानसभेची आचारसंहिता लागली आणि बंदूक ठाण्यात जमा केली. निकाल लागला २३ नोव्हेंबरला, त्यानंतर ती परत मिळाली. इतके दिवस गंज चढेल या धास्तीनं जमा करण्याआधी मी बोल्टमध्ये, म्हणजे काडतुसाला मागून बंद करणाऱ्या आणि पिन धरणाऱ्या भागात, गाडीचं जाड ग्रीस भरलं होतं. परत आल्यावर नळी पुसली, बोल्ट उघडला नाही. त्या ग्रीसमध्ये धूळ बसली, थंडीत ते घट्ट झालं आणि पिन त्यात रुतून मंद झाली. परवानाधारक कारागिरानं बोल्ट खोलला तेव्हा आतून काळा चिखल निघाला. त्यानं तो रॉकेलनं धुतला, कोरडा केला आणि पिनला पातळ तेलाचा एक थेंब दिला. त्याच डब्यातल्या काडतुसांनी पुढे एकदाही दगा दिला नाही. तो ठिपका पडलेलं काडतूस मात्र मी पुन्हा चढवलं नाही, दुकानदाराकडे परत दिलं.

याच्या उलटा प्रकारही ध्यानात ठेवा. बार होतो पण आवाज ‘फुस्स’ असा दबका येतो, धक्काही कमी बसतो. अशा वेळी दुसरं काडतूस अजिबात उडवायचं नाही. काडतुसातलं, दारू आणि छर्‍यांमधलं बूच नळीत अडकलेलं असू शकतं आणि पुढचा बार नळी फाडू शकतो. बंदूक पूर्ण रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहायचं. माझ्याकडे असं घडलं नाही, पण मामानं तरुणपणी फाटलेली नळी पाहिली आहे.

दुनळी आणि पंप दोन्ही घरात असतील तर काडतुसांचे डबे वेगळे ठेवा. माझ्या नळीवर ७० मि.मी. कोरलंय, मामाच्या जुन्या दुनळीवर ६५. हे माप उडाल्यानंतर उघडलेल्या पुंगळीचं असतं. त्यामुळे ७० चं काडतूस ६५ मध्ये निमूट बसतं, पण उडताना त्याचं तोंड पूर्ण उघडत नाही आणि दाब वाढतो. बसलं म्हणजे चाललं असं समजू नका.

पावसाळ्यात एकदा पुंगळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या भागात, चिकटली. नळीचा ब्रश चेंबरला सैल पडतो, कारण चेंबर नळीपेक्षा रुंद असतं. ब्रशवर फडकं गुंडाळून घासलं तेव्हा तपकिरी कडं निघालं. आता प्रत्येक वापरानंतर तेच करतो.

बंदूक समाधानकारक आहे. पुढून थोडी जड वाटते आणि मुठीचं लाकूड घामात निसरडं होतं, एवढ्या दोनच तक्रारी. नागपूरचा उन्हाळा अजून तिनं पाहिलेला नाही. मे उलटल्यावर त्याबद्दल लिहीन. तोवर काडतुसं उन्हातल्या गाडीत नाहीत, घरच्या कपाटात कुलपाआड आहेत.