ओझे वाहणाऱ्या पिकअपसाठी सेमी-मेटॅलिक ब्रेक पॅड : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

अवजड पिकअपच्या पुढच्या चाकांना सेमी-मेटॅलिक, म्हणजे धातूचे तंतू मिसळलेले, ब्रेक पॅड बसवून बरेच महिने झाले असून, या काळात गाडी रिकामी, भरलेली आणि मागे ट्रेलर जोडलेली अशा तिन्ही अवस्थांत चालवली आहे. आधीचे सिरॅमिक पॅड आवाज करत नसत, चाकांवर काळी भुकटीही फारशी पडू देत नसत. मात्र ट्रेलर घेऊन लांब उतार उतरताना पेडल घट्ट असूनही गाडी नेहमीसारखी आवरत नसे.

पेडल घट्ट आणि पकड कमी, हे पॅड तापल्याचे लक्षण आहे. पेडलच मऊ पडून खाली जात असेल, तर दोष बहुधा उकळलेल्या ब्रेक ऑइलचा असतो आणि त्यावर महागडे पॅड हा इलाज नव्हे. डॉट ३ या प्रतीचे ब्रेक ऑइल नवे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. म्हणून पॅडबरोबर ऑइलही बदलून घेतले.

निवड करताना पॅडच्या कडेवरच्या संकेतातील दोन अक्षरांचा उपयोग झाला. पहिले अक्षर साधारण तापमानातील घर्षण दाखवते, दुसरे तापलेल्या अवस्थेतील. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५ आणि ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५. ही अक्षरे ठरवणारी चाचणी पॅडच्या छोट्या तुकड्यावर होत असल्याने तिच्यावरून संपूर्ण ब्रेकची पारख करता येत नाही, तरीही ‘एफई’ लिहिलेला पॅड ओझ्याच्या गाडीसाठी मी बाजूला ठेवला आणि ‘एफएफ’ घेतला.

आता त्याच उतारांवर, तेवढ्याच ओझ्यासह, शेवटच्या वळणापर्यंत पकड सारखी राहते. अर्थात, खालच्या गिअरमध्ये उतरण्याची सवय सोडलेली नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते, आणि तेवढी उष्णता कोणत्याही पॅडला अमर्याद काळ सोसत नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. गार हवेत पहिले एकदोन ब्रेक किंचित किंचाळतात, चाके वरचेवर धुवावी लागतात आणि डिस्कची (पॅड जिला दाबून धरतात त्या चकतीची) झीज सिरॅमिकपेक्षा अधिक दिसते. चाके उतरवली तेव्हा एका बाजूचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलेला आढळला, पण त्याचे कारण कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) अडकणारी सरकपिन हे होते. ती साफ करून उष्णता सोसणारे ग्रीस लावल्यावर झीज सारखी होऊ लागली.

गाडी बहुतेक वेळा रिकामीच धावत असेल, तर सिरॅमिक पॅड पुरेसे आहेत आणि अधिक सुखाचेही. माझ्या गाडीवर पुढच्या वेळीही सेमी-मेटॅलिकच बसतील, मात्र त्याआधी डिस्कची जाडी मोजून तिच्यावर कोरलेल्या किमान मापाशी ताडून पाहिली जाईल.