डिजिटल पियानो, नऊ महिन्यांनंतर: घसरणारे पेडल आणि जागा झालेला डावा हात

गेल्या दसऱ्याला परभणीत घरी आणलेल्या या ८८ पट्ट्यांच्या पियानोविषयी एप्रिलमध्ये लिहिले असते, तर 'घेऊ नका' एवढेच लिहिले असते, आणि त्याचे कारण एकच होते: पेडल.

वाद्यासोबत येणारे पेडल म्हणजे प्लॅस्टिकचा हलका चौकोनी तुकडा आहे. आमच्या घरात शहाबादी फरशी आहे आणि वर्षानुवर्षे पुसून ती इतकी गुळगुळीत झाली आहे की, पेडल दाबले की ते पुढे सरकते. पाय त्याला शोधू लागला की हात थांबतात. एवढी रक्कम मोजून घेतलेल्या वाद्याच्या पेडलला रबराचा तळ असू नये, हे मला आजही पटलेले नाही. खाली गोणपाट घातले तेव्हा सरकणे कमी झाले, परंतु तोवर ओढाताणीने पिनेजवळची वायर तुटली होती. सेवा केंद्राने सांगितले की पेडल वॉरंटीत येत नाही, आणि दोष वाद्यातच वाटत असल्यास ते मूळ खोक्यात घालून स्वखर्चाने पुण्याला पाठवावे. एका वायरीसाठी पाच आठवडे फोन आणि पत्रव्यवहार केला. शेवटी आमच्या गल्लीतल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने दहा मिनिटांत पिन बदलून डाग दिला आणि साठ रुपये घेतले.

मात्र त्या पाच आठवड्यांनी माझे मत बदलले. मी वीस वर्षे भजनात पेटी वाजवली आहे. पेटीचा आवाज भात्यावर ठरतो, पट्टी किती जोराने दाबली यावर नव्हे. त्यामुळे पियानोच्या जड पट्ट्या मला सुरुवातीला निव्वळ त्रासदायक वाटल्या आणि सगळे सूर एकाच ठोक्यात वाजत राहिले. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी हे वाद्य घडवले, ते बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहानमोठा व्हावा म्हणूनच, हे वाचून ठाऊक होते. बोटांना ते ठाऊक नव्हते. पेडल दाबून ठेवले की सोडलेले सूरही वाजत राहतात आणि दोन सुरांमधली फट झाकली जाते. ते बंद पडल्यावर माझी प्रत्येक फट उघडी पडली, आणि पुढची पट्टी खाली जाईपर्यंत आधीची न सोडण्याची सवय बोटांना लावणे भाग पडले. पेडलच्या आधाराशिवाय एक अख्खी चीज, म्हणजे बंदिश, सलग वाजली, त्या संध्याकाळी प्रथमच घरच्यांना समोर बसवून वाजवावेसे वाटले.

डाव्या हाताची गोष्ट याहून मोठी आहे. पेटीवाल्याच्या डाव्या हाताला भात्याखेरीज काही येत नाही, आणि पुस्तकातले दोन हातांचे धडे मला महिनोन्‌महिने जमत नव्हते. मग मी केवळ काळ्या पट्ट्यांवर बसलो. काळी तीनला, म्हणजे सप्तकातल्या तिसऱ्या काळ्या पट्टीला, षड्ज (सा) धरला की पाच काळ्या पट्ट्यांत भूप राग मिळतो. डाव्या हाताने खालच्या सप्तकातले सा आणि प, म्हणजे काळी तीन आणि काळी एक, संथपणे वाजवत राहायचे आणि उजव्याला मोकळे सोडायचे. त्याच पाच पट्ट्यांवर काळी एकपासून दुर्गा आणि काळी पाचपासून मालकंस निघतो. बाहेरची पट्टी लागण्याची भीती नसल्याने उजवा हात स्वतःहून नव्या जागा शोधू लागला, आणि लिहिलेले नसलेले काही मी प्रथमच वाजवले. पेटीवाल्या शिकाऊंना माझा आग्रह आहे की धड्यांआधी महिनाभर हे करावे.

एक सूचना मात्र लक्षात ठेवावी. मे महिन्यात वीज गेली आणि परत आल्यावर, पाय पेडलवर असतानाच मी बटण दाबले. त्यानंतर पेडल उलटे वागू लागले, म्हणजे पाय उचलला की सूर लांबत आणि दाबला की तुटत. पुन्हा दुरुस्तीचे चक्र सुरू होणार या धास्तीने रात्र गेली. वाद्य सुरू होताना पेडलची स्थिती तपासते. पाय बाजूला ठेवून बंद-चालू केल्यावर ते पूर्ववत झाले. हे सेवा केंद्राने पाच आठवड्यांत एकदा तरी सांगायला हवे होते.

पट्ट्या, आवाज, रात्री हेडफोन लावून करायचा रियाज, कशाबद्दलही तक्रार उरलेली नाही. जड, रबरी तळाचे पेडल वेगळे विकत मिळते, पण ते मी अद्याप घेतलेले नाही. मालकंसात पंचम (प) वर्ज्य असल्याने डाव्या हाताला सा आणि म धरावा लागतो आणि तिथे तो अजून अडखळतो. ते पेडलविना स्वच्छ वाजू लागले की घेईन.